सावकाश सुटणारा रंग

चैत्रात संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचं सूत्र घर. ‘‘दिवाळीआधी रंग देण्यावर सगळेच लिहितात, तू रंग काढण्यावर लिही,’’ असं म्हणून त्यांनी मुदत सांगितली आणि फोन ठेवला. विषय आवडला का, हे विचारायची त्यांची पद्धत नाही. त्याच आठवड्यात वाईहून मामांचा निरोप होता, की माजघराचं दार उघडं करायचं ठरतंय, सुट्टीत येणार असलीस तर हाताखाली ये.

दार उघडं करायचं म्हणजे त्यावरचा रंग उतरवून आतला साग दिसू द्यायचा. हे दार मी जन्मापासून चॉकलेटी रंगात पाहत आले आहे. दोन झडपा, वर चौकटीला बारीक कमळांची कोरीव ओळ, खाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी झिजलेला उंबरा. बिजागरीजवळ कधीतरी पलंग नेताना टवका उडाला होता, तिथे थर मोजता यायचे. चॉकलेटीखाली पोपटी, पोपटीखाली आकाशी, मग शेवाळी, मग पुन्हा एक चॉकलेटी आणि तळाला मळकट पांढरा. मामांकडे या थरांची वंशावळ तयार होती. वरचा चॉकलेटी धाकट्याच्या मुंजीचा. पोपटी त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. आकाशी 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर भिंती दुरुस्त केल्या तेव्हाचा. शेवाळीबद्दल मामा आणि मामी यांचं एकमत नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत.

दार तेल प्यायचं तेव्हा

‘‘सासूबाईंच्या वेळी दाराला रंग नव्हताच,’’ मामी म्हणाली. ‘‘दिवाळीच्या आधी फडक्याने तेल चोपडायचं. दार नुसतं तेल प्यायचं. ऑइलपेंट एकदा मारला की दहा वर्षं बघायला नको.’’

सगळ्या गोष्टीचं मूळ या एका वाक्यात आहे. सागाला रंगाची गरज नसते. त्याच्या अंगात स्वतःचं तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण दर वर्षी तेलपाणी करायला घरात हात लागतात. हात कमी झाले, घरं भाड्याने गेली, आणि एनॅमलचे डबे गावोगाव पोचले. रंगाचा दुसरा गुण असा, की लांबी भरून वरून हात मारला की जोड, भेगा, खिळ्यांची भोकं सगळं एका रंगाखाली गप्प बसतं. सागाचं दार आणि आंब्याच्या फळ्यांचं दार एकसारखं दिसू लागतं. लग्नघरात त्याहून जास्त काय हवं?

आता वारं उलटं फिरलंय. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पाडलेल्या घरांची दारं उभी करून ठेवलेली असतात आणि बंगलेवाले, हॉटेलवाले येऊन नखाने टवका काढून खाली साग आहे का ते पाहतात. ज्या रंगाने चार पिढ्यांचा कंटाळा वाचवला, तो काढणं हा आता वेगळा धंदा झाला आहे. वाईला जाण्याआधी तो धंदा एकदा पाहून घ्यावा असं ठरवलं.

दुपारनंतर डोकं धरतं

मे महिन्याचा पहिला आठवडा. ओशिवऱ्याच्या बाजारामागची एक पत्र्याची शेड. आत पंधरा-वीस दारं भिंतीला टेकवलेली, एक जमिनीवर आडवं, आणि त्याच्यावर उकिडवा बसलेला विशीतला मुलगा. हातात स्टीलचा डबा आणि झडलेला ब्रश. डब्यातला दाटसर द्रव त्याने हिरव्या रंगावर फासला. मी घड्याळ पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला रंगावर बारीक फोड उठले, दहाव्या मिनिटाला सगळा पृष्ठभाग तव्यावरच्या पापडासारखा सुरकुतला, आणि पत्ती लावताच लांबलचक सालपट निघून आलं. जादूच ती. तेवढ्यात वास आला. गोडसर, जरासा क्लोरोफॉर्मकडे झुकणारा, आणि कपाळाच्या मधोमध जाऊन बसणारा.

याला सगळे नुसतं ‘रिमूव्हर’ म्हणतात. मुलाच्या तोंडाला रुमाल होता, हातात काही नव्हतं. हातमोजे दिले होते, पण ते चिकट होऊन फाटतात, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. साधे रबरी मोजे या द्रवापुढे काही मिनिटंच टिकतात. दुपारनंतर डोकं धरतं, मग बाहेर जाऊन बसायचं, गूळ खायचा. गुळाचा उपाय मी दगडफोडीच्या खाणींपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे ऐकला आहे. तो तोंड गोड करतो, एवढंच त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येईल.

शेडच्या मागे सिमेंटचा हौद होता, कॉस्टिक सोड्याचा. सपाट, नक्षी नसलेली दारं त्यात बुडवतात. कॉस्टिकचा हिशेब अगदी घरगुती आहे. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण होतो, आणि ऑइलपेंट हे शेवटी तेलच. म्हणजे त्या हौदात रंगाचा साबण होत असतो. वाफेची भीती त्यात नाही, पण कातडीतलं तेलही तेलच, आणि डोळ्यात उडालेला थेंब डोळा घेऊन जाऊ शकतो. लाकडालाही ते मानवत नाही. साग काळवंडतो, जुन्या सरसाचे सांधे सैल होतात, रेषा उभ्या राहून पृष्ठभाग केसाळ होतो. मग काळेपणा घालवायला ऑक्झॅलिक ॲसिड, नंतर आम्ल धुवायला पाणी. एका विषावर उतारा दुसऱ्याचा.

शेडच्या मालकाला मी विचारलं, कमी घातक रिमूव्हर मिळतात, ते का वापरत नाही? त्याला ते माहीत होते. ‘‘रात्रभर ठेवावे लागतात ना ताई. माझी चार दारं रोज निघाली पाहिजेत.’’ मुलाला मजुरी नगावर आहे. दहा मिनिटांत सुटणारा रंग आणि दहा तासांत सुटणारा रंग यांत निवड करायची वेळ त्याच्यावर येतच नाही. घरात, स्वतःच्या दारावर, स्वतःच्या हाताने काम करणाऱ्यावर ती येते. म्हणून हा लेख घराबद्दल आहे.

दह्याचं पुन्हा दूध होत नाही

रंग काढणं एवढं अवघड का, हे कळायला तो वाळतो कसा ते पाहावं लागतं. पाण्याचं डिस्टेंपर वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. ओलं फडकं फिरवलं की ते पुन्हा हाताला येतं. ऑइलपेंटमधलं थिनर उडून जातं हे खरं, पण खरा प्रकार त्यानंतर सुरू होतो. उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना धरून जाळं विणतात. जवसाच्या तेलाची बाटली उघडी राहिली तर वर चिवट साय धरते, तीच ही क्रिया. एकदा विणलेलं जाळं उसवत नाही. दह्याचं दूध होत नाही, तसा वाळलेल्या ऑइलपेंटचा पुन्हा ओला रंग होत नाही.

त्यामुळे रिमूव्हर रंग विरघळवतो, हा समज चुकीचा. तो जाळ्याच्या भोकांतून आत शिरतो आणि थर फुगवतो, पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारखा. खाली लाकूड घट्ट, बाजूला रंगच, त्यामुळे फुगायला जागा फक्त वर. म्हणून सुरकुत्या पडतात, थर लाकडावरून उचलला जातो.

आत किती लवकर शिरता येतं हे रेणूच्या आकारावर बरंचसं ठरतं. शेडमधल्या डब्यातला मुख्य घटक मिथिलीन क्लोराइड. इवलासा रेणू, कुठल्याही भोकातून पार. पण तितक्याच चपळाईने तो हवेतही जातो. तो साधारण 40 अंश सेल्सियसला उकळतो. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना आठवा, तिथे सावलीत ठेवलेला उघडा डबाही उकळायच्या बेतात येईल. उडून जाऊ नये म्हणून बनवणारे त्यात मेण घालतात, वर पातळ पापुद्रा धरावा म्हणून. ते मेण नंतर लाकडावर राहतं आणि थिनरने पुसलं नाही तर पॉलिश धरत नाही. पॉलिशवाल्यांची ही नेहमीची कटकट.

त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली साचते. न्हाणीघरात, तळघरात, उकिडव्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर. आधी ती गुंगी आणते, त्यामुळे बाहेर पडायला हवं हे सुचायची शुद्धच राहत नाही. शिवाय शरीरात गेल्यावर यकृत तिचा कार्बन मोनॉक्साइड करतं. बंद खोलीतल्या शेगडीने जो विषारी वायू होतो, तोच माणसाच्या अंगात तयार होतो, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर त्याला हे पेलत नाही. अमेरिकेत बाथटबांचा जुना मुलामा काढणारे कारागीर टबात वाकून काम करता करता दगावत होते. 2000 ते 2011 या काळात असे 13 मृत्यू नोंदले गेले. युरोपने सर्वसामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकणं आधीच थांबवलं होतं. अमेरिकेने किरकोळ विक्री बंद केली ती 2019 च्या नोव्हेंबरात, आणि 2024 मध्ये बंदी बरीच रुंदावली. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मी मागितला तर काउंटरवर ठेवला, पिशवी हवी का म्हणून विचारलं, इतकंच.

मग पर्याय कोणता? इथे जरा सावध राहायला हवं, कारण ‘सुरक्षित’ या शब्दाला रंगाच्या दुनियेत वाईट इतिहास आहे. मिथिलीन क्लोराइडला पर्याय म्हणून एन-मिथाइल पायरोलिडोन नावाचं द्रावक पुढे आलं. वास जवळपास नाही, उडत नाही, सौम्य वाटतं. पुढे लक्षात आलं, की ते कातडीतून शरीरात शिरतं आणि पोटातल्या गर्भाच्या वाढीला अपाय करतं. संत्र्याच्या सालीतून निघणारं लिमोनिन घातलेले डबेही मिळतात. वास फर्मास, झोपेत नागपूरला गेल्यासारखा. पण तेही पेट घेतं आणि काहींच्या कातडीवर पुरळ उठवतं. डब्यावर हिरवं पान छापलेलं असलं तरी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायचीच.

बरेच दिवस वाचून, विचारून मी बेंझिल अल्कोहोलवर आले. जाई-मोगऱ्याच्या सुगंधात तो नैसर्गिकरीत्या असतो, सौंदर्यप्रसाधनांत आणि काही इंजेक्शनांत तो टिकवण्यासाठी घालतात. उकळतो 205 अंशांच्या आसपास, म्हणजे वाफ फार कमी. रेणू मोठा, म्हणून संथ. डोळ्यांना तो झोंबतो, पोटात जाता कामा नये, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा सुटत नाहीच. पण त्याच्या शेजारी बसून कोणी गुंगी येऊन मरत नाही. डबा ऑनलाइन मागवावा लागला, आणि किंमत पाहून मामांनी मला दोनदा विचारलं की यात दार पण येतं का.

दारामागचे तीन चौकोन

संपूर्ण दारावर हात टाकण्याआधी झडपेच्या मागच्या बाजूला, खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी वितीएवढे तीन चौकोन आखले. कुठलाही शहाणा कारागीर हेच करील.

पहिल्यावर मामीचं औषध: धुण्याचा सोडा, मैद्याची खळ, गरम पाणी. थापून वर ओला कागद लावला. संध्याकाळी वरचा चॉकलेटी बुळबुळीत झाला होता, साबणच तो, पण पोपटीला धक्का नव्हता. दुसऱ्या हाताला पोपटी सुटला आणि कडेचं उघडं लाकूड शाई सांडल्यासारखं काळं पडू लागलं. मामीने जाहीर केलं की भांड्यांना हे छान चालेल. त्या बोलण्याचा पुढे उपयोग झाला.

दुसऱ्यावर रिमूव्हर. झडप चौकटीतून उतरवून परसात नेली, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून लावला, दहा मिनिटांत तीन थर निघाले. खोटं कशाला बोला, हात शिवशिवले. सगळं दार एका दिवसात होईल, परसातच तर आहोत, वारा आहे. मामा म्हणाले, ‘‘अगं, मग हेच लावू की!’’ माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मामांची बायपास झालेली आहे, हे उत्तर मामीने दिलं.

तिसऱ्यावर बेंझिल अल्कोहोलचा जेल. ब्रशने पसरायचा नाही, लोण्यासारखा थापायचा, दोन-तीन मिलिमीटर जाड. ब्रश पुन्हापुन्हा फिरवला की त्यात हवा जाते आणि तो वाळतो. वरून पातळ प्लास्टिक, कडा दाबून बंद. तासाभराने पाहिलं, काही नाही. चार तासांनी पाहिलं, काही नाही. मामांनी ‘तुझा मोगरा झोपला’ असा शेरा मारला आणि झोपायला गेले.

सकाळी प्लास्टिक उचललं तर त्याच्याबरोबर चॉकलेटी, पोपटी, आकाशी तिन्ही एकदम उठून आले, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे. लाकडाचा रंग बदललेला नव्हता. मामांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘शेवाळी आकाशीच्या खालीच आहे. मी म्हटलं होतं.’’

उदबत्तीच्या काड्या

पुढचे अकरा दिवस घराला एक नवीन वेळापत्रक लागलं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जेल थापायचा, प्लास्टिक लावायचं. सकाळी चहा झाला की खरवडायचं. दिवसभर दार आपलं आपण वाळत बसायचं. विषारी द्रावण वेळ विकत देतं. सौम्य द्रावणाला वेळ आपण द्यायचा असतो. नोकरीवाल्याला हे उलट सोयीचं आहे, कारण काम रात्री जेलच करतो, आपण घोरत असताना.

पत्ती कशी धरायची यातच निम्मं कौशल्य. नव्या पत्तीचे कोपरे कानशीवर घासून गोल करायचे, नाहीतर फुगलेल्या मऊ रंगातून ती सरळ सागात रुतते आणि ओरखडा पुढच्या शंभर वर्षांसाठी राहतो. रेषेच्या दिशेने ओढायचं, आडवं कधीच नाही. तारेची घासणी टाळायची, कारण तिचे लोखंडी कण सागात अडकतात आणि ओल लागली की काळे ठिपके उमटतात. मामीने नारळाचा काथ्या वळून दिला. बाजारातल्या कुठल्याही ब्रशपेक्षा तो सरस ठरला. कमळांच्या ओळीत पत्तीचा उपयोग नव्हता. तिथे जुना दात घासायचा ब्रश आणि विझलेल्या उदबत्तीच्या काड्या. एका पाकळीला दहा मिनिटं. कमळं चोवीस, पाकळ्या प्रत्येकी आठ. हिशेब करायचा नाही असं ठरवून बसायचं.

कडी-कोयंडा, बिजागऱ्या, साखळी यांच्यावरही रंगाचे तेच थर होते. त्यांना कुठलाही रिमूव्हर लागला नाही. परसातल्या चुलीवर जुन्या पातेल्यात पाणी आणि सोडा घालून मंद आचेवर दीड तास ठेवलं, चिमट्याने काढलं, आणि रंग सालीसारखा उतरला. खाली पितळ निघालं. बिजागरी पितळेची आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पातेलं मात्र त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून बाद. (ॲल्युमिनियमच्या वस्तूला हा प्रयोग चुकूनही करू नये, सोडा ती खातो.)

तळातला पांढरा

पाच थर निमूट गेले. तळाचा पांढरा जाईना. जेलच्या दुसऱ्या हातानंतरही तो रेषांमध्ये पिठासारखा बसून राहिला. मामा उठले आणि पॉलिशपेपर घेऊन आले. ‘‘हे घासूनच जाईल.’’

इथे मी त्यांच्या हातातून तो ओढून घेतला, जे आमच्या घरात भाच्यांनी करायचं नसतं.

जुन्या रंगात शिसं असतं. अस्तरातला पांढरा म्हणजे सफेदा, शिशाचं संयुग. पिवळा आणि पोपटी बहुतेकदा शिशाच्या क्रोमेटवर. लोखंडाला लावायचा जुना लाल म्हणजे शेंदूरच. शिसं घातलं की रंग लवकर वाळतो, झाकतो छान, टिकतो फार. 1904 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये जॉन लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या शिशाच्या विषबाधेचं मूळ शोधलं ते व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यात. उन्हाने रंगाची भुकटी व्हायची, मुलं कठड्याला हात लावायची आणि तोच हात तोंडात घालायची. 1921 मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने सफेद्यावर करार केला, त्यात कोरडं घासताना उडणाऱ्या धुळीपासून कामगारांना जपण्याचं कलम आहे. शंभर वर्षांपूर्वी जे कागदावर आलं ते आपल्याकडच्या रंगाऱ्याच्या हातातल्या कोरड्या पॉलिशपेपरपर्यंत अजून पोचलेलं नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत 90 भागांची मर्यादा घालणारे नियम 2016 चे, आणि ते लागू झाले 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीचा कुठलाही थर संशयित धरायचा. लग्नातला पोपटी, भूकंपानंतरचा आकाशी, सगळे.

कमी विषारी रिमूव्हरबद्दल हीच गोष्ट कुणी नीट सांगत नाही. डब्यातलं द्रावण कितीही सौम्य असो, निघतो तो रंग सौम्य नसतो. उलट या संथ जेलचा खरा फायदा इथे आहे. तो रंगाला ओला ठेवतो. ओल्या सालपटाची धूळ होत नाही. कोरडं घासलं की तेच शिसं हवेत, माजघरात, धान्याच्या डब्यांवर, रांगणाऱ्या मुलाच्या तळहातावर. आणि बत्ती लावून रंग भाजून काढायची जुनी पद्धत तर शिशाचा धूर करते. मुलांच्या मेंदूच्या दृष्टीने शिशाची अमुक मात्रा निर्धोक, अशी रेघ जागतिक आरोग्य संघटनेला मारता आलेली नाही.

चाचणीची काडी मी बरोबर आणली होती. टोक ओलं करून घासायचं, शिसं असेल तर गुलाबी-लाल होतं. घरच्या काडीवर पूर्ण भिस्त ठेवू नये, प्रयोगशाळा ती प्रयोगशाळा. पण तळातल्या पांढऱ्यावर ती टेकवली मात्र, बघता बघता कुंकवाच्या पाण्यासारखी झाली. मामा काही बोलले नाहीत. मुंबईहून आलेली नात दीड वर्षाची आहे. तिला त्याच दुपारी मधल्या आळीत आत्याकडे धाडलं.

मग पांढऱ्यासाठी तिसरा हात, आणि जे उरलं ते ओला पॉलिशपेपर साबणाच्या पाण्यात बुडवून, बुडवून. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कामाचे कपडे वेगळे धुवायचे. पदर खोचून कामाला बसलेल्या मामीने हे सगळं ‘सोवळं’ या एका शब्दात बसवलं: या कपड्यांनी देवघरात नाही, स्वयंपाकघरात नाही, मुलाला शिवायचं नाही.

बंबात नको

अकरा दिवसांची सालपटं एका घमेल्यात जमली होती. रंगीबेरंगी, सुकवलेल्या कैरीच्या फोडींसारखी वळलेली. शिवाय दाराच्या मागची एक सडकी, रंगवलेली पट्टी सुताराने बदलली होती. ती पट्टी मामांनी कुऱ्हाडीने फोडून अंघोळीच्या बंबाशेजारी रचून ठेवली. सकाळचं जळण.

वाडे पडताना, खिडक्या बदलताना हे महाराष्ट्रभर होतं. रंगीत लाकूड बंबात, हॉटेलच्या भट्टीत, शेकोटीत जातं. लाकूड जळतं, शिसं जळत नाही. ते धुरात आणि राखेत राहतं, आणि मग त्याच राखेने कुठेतरी भांडी घासली जातात.

2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांनी रंगाचे डबे, कीटकनाशकं वगैरेंना घरगुती घातक कचरा असं नाव दिलं आणि तो वेगळा द्यायला सांगितला. आम्ही सालपटं वर्तमानपत्रात गुंडाळून जाड पिशवीत बांधली, वर मोठ्या अक्षरांत ‘जुना रंग, शिसे’ असं लिहिलं आणि घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात वेगळी दिली. त्याने ती वाचली, पिशवीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि वेगळी ठेवली. पुढे कोपऱ्यावर वळल्यावर तिचं काय झालं, ते मी पाहायला गेले नाही.

देवघराची चौकट

उत्साहात मामा देवघराच्या चौकटीकडे वळले. मी ती नीट पाहिली. रंग घट्ट, कुठे टवका नाही, भुकटी नाही, दार घासत नाही. तिला हात लावू नका म्हटलं. धड बसलेला जुना रंग काढण्याइतकी जोखीम तो तसाच ठेवण्यात नाही. ओल्या पॉलिशपेपरने हलकं खरखरीत करायचं आणि वरून नवा हात. सगळ्यात कमी विषारी रिमूव्हर तो, जो डब्यातच राहतो. हे ऐकून मामा हिरमुसले, मामी खूश झाली. तिला देवघर तांबडंच हवं होतं.

माजघराच्या दाराला शेवटी जवसाचं तेल लावलं, फडक्याने, तीन दिवस तीन हात. या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं तेव्हा ऊब तयार होते, बोळ्यात ती कोंडते, आणि फडकं कुणी काडी न लावता पेटतं. ज्या क्रियेने इतकी वर्षं रंग दाराला धरून ठेवला तीच ही. आम्ही फडकी दोरीवर वेगवेगळी वाळत घातली आणि कडक झाल्यावर पाण्यात बुडवून टाकली.

तेल पडलं तसा साग मधासारखा उजळत गेला. उजव्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यात एक बुजवलेलं भोक निघालं, मांजराला ये-जा करण्यापुरतं. घरात मांजर कधी होतं, यावर मामा-मामींचा नवा वाद सुरू झाला आहे.

भाद्रपदात गौरींना मी पुन्हा वाईला गेले. हळदीकुंकवाला आळीतल्या बायका आल्या होत्या. शेजारच्या काकू ओटी घेऊन निघताना माजघराच्या दारात थबकल्या. कमळांवरून त्यांची नजर खालपर्यंत फिरली. मामी ताठ उभी राहिली.

‘‘अहो, सगळं घर झालं की,’’ काकू म्हणाल्या. ‘‘एवढ्या दारालाच तेवढा रंग द्यायचा राहिला होय?’’

‘‘हो ना,’’ मामी म्हणाली. ‘‘माणूसच मिळेना.’’